परभणी जिल्ह्यातील पर्यावरण व भूवापरविषयक वादांचे न्यायिक निवारण

परभणी जिल्ह्यातील पर्यावरण व भूवापरविषयक वाद हे मुख्यतः नदीच्या पाण्याचे वाटप, गायरान व इतर सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे, नदीपात्रातील वाळू उपसा, प्रकल्पांसाठी होणारे भूसंपादन, प्रदूषण आणि शहरातील आरक्षित भूखंड यांच्याशी निगडित आहेत. या वादांचा निवाडा करणारे एकच न्यायालय नाही. वादाच्या स्वरूपानुसार तहसीलदार, उपविभागीय अधिकारी व जिल्हाधिकारी ही महसुली यंत्रणा, दिवाणी न्यायालये, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुणे येथील खंडपीठ, मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आणि अखेरीस सर्वोच्च न्यायालय यांच्याकडे दाद मागितली जाते. किती पाणी सोडावे, किती वाळू काढावी किंवा कोणत्या जमिनीची हद्द कोठे आहे, अशा तांत्रिक प्रश्नांचा निर्णय वरिष्ठ न्यायालये सहसा स्वतः करत नाहीत. तो निर्णय कायद्याने नेमलेल्या यंत्रणेने योग्य रीतीने घेतला किंवा नाही, हे त्या तपासतात. त्यामुळे निकालाचा प्रत्यक्ष परिणाम बऱ्याच अंशी मोजणी, नोंदी आणि प्रशासकीय अंमलबजावणी यांवर अवलंबून राहतो.

पार्श्वभूमी

परभणी जिल्हा मराठवाड्यात गोदावरी खोऱ्यात वसलेला आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या येथील प्रमुख नद्या होत. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम हे जिल्ह्यातील नऊ तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यातील वनक्षेत्र अत्यल्प असून ते प्रामुख्याने जिंतूरच्या डोंगराळ भागात आहे. त्यामुळे येथील पर्यावरणविषयक वाद जंगलापेक्षा नदी, कालवा आणि गावाच्या सामाईक जमिनीभोवती अधिक केंद्रित झालेले दिसतात.

१९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. जमीनविषयक कायद्यांवर या इतिहासाचा ठसा आजही आहे. कुळांच्या हक्कांसाठी हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० आणि इनाम जमिनींसाठी हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याबाबतचा अधिनियम, १९५४ यांचा आधार घ्यावा लागतो. जुन्या हक्कांच्या वादात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक महत्त्वाचा पुरावा मानले जाते. इनामांच्या प्रकरणांत उर्दू वा फारसी लिपीतील मुंतखबही न्यायालयापुढे ठेवले जातात.

उच्च न्यायालयात दाद मागण्यासाठी पूर्वी येथील पक्षकारांना मुंबई गाठावी लागे. औरंगाबाद येथे १९८१ मध्ये खंडपीठाचे कामकाज सुरू झाले आणि १९८४ मध्ये ते कायमस्वरूपी झाले. परभणी जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

दाद मागण्याचे मार्ग

महसुली यंत्रणा

गावपातळीवरील बहुतेक वाद तहसील कार्यालयात सुरू होतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेताच्या बांधावरून जाण्यायेण्याच्या रस्त्याची मागणी तहसीलदार ठरवतात. या निर्णयाने बाधित झालेल्या व्यक्तीस एक वर्षाच्या आत दिवाणी दावा दाखल करता येतो. पूर्वापार वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह कोणी अडवला असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करता येतो. स्थळपाहणी आणि पंचनामा यांना या कार्यवाहीत विशेष महत्त्व असते.

सार्वजनिक रस्ते, नदी-नाल्यांचे पात्र व कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या जमिनी शासनाच्या मालकीच्या असतात, असे संहितेचे कलम २० सांगते. अशा मालमत्तेवर कोणी हक्क सांगितल्यास जिल्हाधिकारी रीतसर चौकशी करून निर्णय देतात. त्याविरुद्धचा दिवाणी दावाही एक वर्षाच्या मुदतीत करावा लागतो. महसुली आदेशांवर संहितेच्या कलम २४७ खाली अपील आणि कलम २५७ खाली पुनरीक्षण करता येते.

दिवाणी न्यायालये

मालकी हक्क, हद्दीचा वाद, मनाई हुकूम आणि भूसंपादनाचा वाढीव मोबदला ही प्रकरणे दिवाणी न्यायालयांपुढे येतात. हद्दीच्या वादात भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेण्यासाठी न्यायालय आयुक्त नेमू शकते. सातबारावरील नोंद हा मालकी हक्काचा अंतिम पुरावा नसतो. फेरफार मुख्यतः महसुली प्रयोजनासाठी असतो, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. त्यामुळे केवळ सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मालकी हक्काचा दावा मान्य होत नाही. खरेदीखत, वाटणीपत्र किंवा प्रत्यक्ष कब्जा यांसारखा स्वतंत्र पुरावा सादर करावा लागतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० नुसार स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणात न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्यही असतात. जल, वायू, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण आणि जैवविविधता यांसह अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील कायद्यांशी संबंधित वाद येथे चालतात. कलम १४ खालील मूळ अर्ज वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो आणि पुरेसे कारण असल्यास आणखी साठ दिवसांची सवलत मिळते. नुकसानभरपाई किंवा पर्यावरणाच्या पुनःस्थापनेसाठी कलम १५ खाली पाच वर्षांची मुदत आहे. कलम १९ नुसार दिवाणी प्रक्रिया संहितेचे तपशीलवार नियम न्यायाधिकरणास बंधनकारक नाहीत. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे मात्र पाळावी लागतात. या विषयांवरील दावे कलम २९ खाली दिवाणी न्यायालयात चालत नाहीत.

न्यायाधिकरण एखाद्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊ शकते का, हा मुद्दा मुंबईतील देवनार कचराभूमीच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने तसा अधिकार असल्याचा निर्णय दिला. न्यायाधिकरण अस्तित्वात आल्याने उच्च न्यायालयाचे संविधानातील अनुच्छेद २२६ व २२७ खालील अधिकार संपुष्टात येत नाहीत, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

जायकवाडीच्या पाण्याचा वाद

परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी वाद गोदावरीच्या पाणीवाटपाचा आहे. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. धरणाचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६ टीएमसी आहे. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा औरंगाबाद व जालना जिल्ह्यांतून परभणी जिल्ह्यात येतो. या कालव्याच्या नियोजित लाभक्षेत्रापैकी अर्ध्याहून अधिक क्षेत्र परभणी जिल्ह्यात आहे. परंतु जिल्हा कालव्याच्या शेवटच्या टप्प्यात असल्याने धरणातील तुटीचा परिणाम येथे तीव्रतेने जाणवतो.

जायकवाडीच्या वरच्या बाजूस नाशिक व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, पालखेड, मुळा आणि भंडारदरा-निळवंडे हे धरणसमूह आहेत. ही धरणे भरल्यानंतरच खाली पाणी येत असल्यास कमी पावसाच्या वर्षी जायकवाडी रिकामे राहते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(ग) मध्ये यावर तरतूद आहे. खोऱ्यातील किंवा उपखोऱ्यातील टंचाईचा भार समन्यायी पद्धतीने वाटला जावा, यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर सर्व जलाशयांतील उपलब्ध पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहील अशा रीतीने साठ्यांचे नियंत्रण करावे, असे हे कलम सांगते.

२०१२-१३ च्या दुष्काळात ही तरतूद वादाच्या केंद्रस्थानी आली. वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची मागणी मराठवाड्यातून झाली, तर नाशिक व अहमदनगर येथील पाणीवापरकर्ते आणि साखर कारखान्यांनी तिला विरोध केला. शासनाने नेमलेल्या हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने २०१३ मध्ये, पावसाच्या वेगवेगळ्या परिस्थितींत कोणत्या धरणसमूहाने किती साठा ठेवावा याचे कोष्टक सुचवले. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश देऊन या अहवालाच्या आधारे पद्धत निश्चित केली. खरीपातील वापर लक्षात घेऊन १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, हे त्या पद्धतीचे सार होय.

हा आदेश आणि मूळ कलम १२(६)(ग) या दोन्हींना उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले आणि प्राधिकरणाचा आदेश कायम ठेवला. या निकालाने धरण कोणत्या जिल्ह्यात बांधले आहे त्यापेक्षा संपूर्ण खोरे हा पाणीवाटपाचा एकक आहे, ही भूमिका प्रस्थापित झाली. कोणत्या धरणातून किती टीएमसी पाणी सोडायचे हे न्यायालयाने ठरवले नाही. ते ठरवण्याची पद्धत कायदेशीर आहे, एवढेच त्याने मान्य केले.

त्यानंतरही टंचाईच्या प्रत्येक वर्षी वाद नव्याने उभा राहिला. २०१८ आणि २०२३ मध्ये गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे आदेश काढले. २०२३ मधील आदेश सुमारे ८.६ टीएमसीचा होता. दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने पाणी सोडण्यास स्थगिती दिली नाही. दरम्यान, मेंढेगिरी अहवालातील आधारभूत आकड्यांच्या पुनर्विलोकनासाठी शासनाने २०२३ मध्ये नवा अभ्यासगट नेमला.

याच अधिनियमाचा दुसरा पैलू औरंगाबाद खंडपीठापुढे आला. एकात्मिक राज्य जल आराखडा तयार नसतानाही नव्या सिंचन प्रकल्पांना मंजुरी दिली जात असल्याचा आक्षेप एका जनहित याचिकेत घेण्यात आला होता. आराखडा व त्याच्याशी सुसंगत मंजुरी या कायद्याच्या अटी असल्याने तो पूर्ण करण्याची जबाबदारी शासनावर येऊन पडली.

धरणांतील टक्केवारी सारखी झाल्याने शेतापर्यंत पोचणारे पाणी सारखे होत नाही. सोडलेल्या पाण्याचा काही भाग नदीपात्रात मुरतो, काही वाटेत उपसला जातो आणि कालव्याच्या नादुरुस्तीमुळे गळतीही होते. लाभक्षेत्रातील अंतर्गत वाटपासाठी महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार पाणीवापर संस्थांची तरतूद आहे. न्यायालयाचा निकाल आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी यांच्यामध्ये असलेले हे टप्पे प्रशासनाच्या अखत्यारीत राहतात.

गायरान जमिनी

गायरान म्हणजे गावाच्या गुरांच्या चराईसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली राखून ठेवलेली जमीन होय. मराठवाड्यात भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबांनी अनेक दशके गायरानावर शेती केली आहे. गायरान हक्कासाठीचे आंदोलन या भागाच्या सामाजिक इतिहासाचा भाग आहे. शासनाने १९७८ आणि १९९१ मध्ये निर्णय काढून भूमिहीनांची काही अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद केली. १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही मर्यादा तारीख होती. मात्र पुराव्याअभावी किंवा प्रस्ताव प्रलंबित राहिल्याने अनेक कुटुंबांच्या नावावर जमीन झाली नाही.

२८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांबाबत कठोर भूमिका घेतली. पंजाबातील एका गावच्या तळ्यावरील बांधकामाचे हे प्रकरण होते. अतिक्रमण जुने आहे किंवा त्यावर मोठा खर्च झाला आहे, या कारणांनी ते नियमित करता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने सर्व राज्यांना अशी अतिक्रमणे हटविण्याची योजना आखण्याचे निर्देश दिले. याच निकालात अपवादही आहे. शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जमीन दिली असल्यास, अथवा तेथे शाळा, दवाखाना किंवा अन्य सार्वजनिक सुविधा असल्यास नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी या निकालाला अनुसरून निर्णय काढला आणि सार्वजनिक वापराच्या जमिनी अन्य प्रयोजनांसाठी देण्यावर निर्बंध आणले.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून जनहित याचिकेद्वारे दखल घेतली. राज्यात दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याची माहिती शासनाकडून समोर आली. त्यानंतर राज्यभर नोटिसा बजावल्या गेल्या आणि गावोगावी चिंतेचे वातावरण निर्माण झाले. या प्रकरणांत न्यायालयांपुढे दोन रास्त हितसंबंध एकाच जमिनीवर उभे असतात. एकीकडे गावाची चराई, पाणवठे आणि भावी सार्वजनिक गरजा असतात, तर दुसरीकडे त्याच जमिनीवर पोट असलेले कुटुंब असते. त्यामुळे अतिक्रमण कोणी, कधी आणि कोणत्या प्रयोजनासाठी केले, तसेच नियमितीकरणाचा प्रस्ताव पूर्वी दाखल झाला होता का, याची वैयक्तिक चौकशी निर्णायक ठरते. अतिक्रमण हटविण्याचे अधिकार कलम ५० खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहेत. पण नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय ते वापरल्यास आदेश टिकत नाही.

वाळू उपसा

गोदावरी, पूर्णा व दुधना नद्यांच्या पात्रातील वाळूघाटांचे लिलाव हा जिल्हा प्रशासनाच्या महसुलाचा स्रोत आहे. अतिउपशामुळे पात्र खोल जाणे, काठच्या विहिरींची पातळी घटणे, पुलांच्या पायांना धोका पोचणे आणि शेतरस्ते खचणे असे परिणाम होतात.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. त्यापूर्वी मोठा घाट लहान तुकड्यांत विभागून मंजुरी टाळता येत असे. पुढे केंद्र शासनाने २०१६ मध्ये शाश्वत वाळू उत्खननाची आणि २०२० मध्ये अंमलबजावणी व देखरेखीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दरवर्षी पावसाबरोबर किती वाळू वाहून येते याचा अभ्यास असलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल हा लिलावाचा पाया मानला जातो.

अवैध उत्खनन वा वाहतूक आढळल्यास संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्तीची कारवाई होते. नदीतील वाळू ही शासनाची मालमत्ता असल्याने गौण खनिज कायद्याबरोबरच चोरीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिल्ली राज्य विरुद्ध संजय या प्रकरणात स्पष्ट केले. जप्ती वा दंडाच्या आदेशाविरुद्धच्या याचिकांत पंचनामा जागेवर झाला का, उत्खननाचे मोजमाप कसे केले आणि संबंधितास नोटीस दिली का, हे तपासले जाते. या तीन बाबींतील त्रुटींमुळे खऱ्या उल्लंघनाची प्रकरणेही कोलमडू शकतात.

भूसंपादन

जिंतूर तालुक्यातील पूर्णा नदीवरील येलदरी आणि सेलू तालुक्यातील निम्न दुधना ही धरणे, गोदावरीवरील बंधारे तसेच कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग यांसारख्या प्रकल्पांसाठी जिल्ह्यातील जमिनी संपादित झाल्या आहेत. जुन्या भूसंपादन अधिनियम, १८९४ मध्ये मोबदला अमान्य असलेल्या जमीनधारकास कलम १८ खाली दिवाणी न्यायालयात संदर्भ मागता येत असे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात कलम ६४ खाली प्राधिकरणाकडे संदर्भ मागता येतो. बाजारमूल्य ठरवताना शेजारच्या जमिनींचे खरेदी-विक्री व्यवहार, जमीन जिरायत की बागायत, विहीर, फळझाडे आणि रस्त्यापासूनचे अंतर विचारात घेतले जाते. जुन्या कायद्यात ३० टक्के असलेली दिलासा रक्कम नव्या कायद्यात १०० टक्के झाली.

राष्ट्रीय महामार्गांसाठी संपादित जमिनींचा मोबदला वेगळ्या कायद्याखाली लवादाकडून ठरतो. त्या जमीनधारकांना दिलासा रक्कम व व्याज नाकारणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी तरसेम सिंग प्रकरणात दिला.

प्रदूषण व शहरी भूवापर

साखर कारखाने, आसवन्या आणि नागरी सांडपाणी यांच्याविरुद्धच्या तक्रारी प्रथम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात. मंडळ जल अधिनियम, १९७४ च्या कलम ३३-अ खाली उद्योग बंद करण्याचे किंवा वीज-पाणी तोडण्याचे निर्देश देऊ शकते. त्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपील करता येते.

परभणी नगरपालिकेचे २०११ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. शहरातील आरक्षणांचे वाद महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली येतात. आरक्षित भूखंड दहा वर्षांत संपादित न झाल्यास मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर विहित मुदतीत संपादनाची ठोस पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. पालिकेने वेळेत निधी उपलब्ध न केल्यास उद्याने व मैदानांसाठी राखलेल्या जागा अशा रीतीने हातच्या जातात.

न्यायालयांनी स्वीकारलेली तत्त्वे

* शाश्वत विकास : विकास व पर्यावरण यांपैकी एकाची निवड न करता दोहोंचा मेळ घालणे.
* खबरदारीचे तत्त्व : गंभीर हानीची शक्यता असल्यास शास्त्रीय निश्चिततेची वाट न पाहणे. १९९६ च्या वेल्लोर खटल्यात ते भारतीय कायद्याचा भाग मानले गेले.
* प्रदूषकाने भरपाई देण्याचे तत्त्व : हानीग्रस्तांची भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसणे.
* सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व : नद्या, वने यांसारख्या संपत्तीचे शासन मालक नसून विश्वस्त असणे. १९९६ च्या कमलनाथ खटल्यात त्याचा स्वीकार झाला.
* समन्यायी वाटप : खोऱ्यातील टंचाई सर्वांनी वाटून घेणे. जायकवाडी निकालामुळे महाराष्ट्रात या तत्त्वाला न्यायिक मान्यता मिळाली.

पहिली तीन तत्त्वे हरित न्यायाधिकरण अधिनियमाच्या कलम २० मध्ये थेट समाविष्ट आहेत.

मर्यादा

न्यायालयीन निवारणातील पहिली अडचण योग्य मंच निवडण्याची आहे. एकाच वाळूघाटाबाबत दंडाचा आदेश महसुली अपिलात, पर्यावरण मंजुरीचा प्रश्न पुण्यात आणि चोरीचा गुन्हा स्थानिक फौजदारी न्यायालयात चालू शकतो. चुकीच्या मंचाकडे गेल्याने मुदत उलटण्याचा धोका असतो. दुसरी अडचण पुराव्याची आहे. वाळूचा खड्डा पुढच्या पुरात भरतो आणि दूषित पाणी पावसात वाहून जाते. त्यामुळे घटनेच्या वेळी झालेला पंचनामा व तपासणीसाठी घेतलेला नमुना हाच पुरावा उरतो.

तिसरी अडचण अंमलबजावणीची आहे. भूसंपादनाच्या निवाड्यात रक्कम अदा झाली की वाद मिटतो. पाणी, वाळू आणि गायरान यांबाबत मात्र निकालाची अंमलबजावणी दरवर्षी करावी लागते. जायकवाडीचा मूळ कायदेशीर प्रश्न २०१६ मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाला, तरी १५ ऑक्टोबरचा साठा मोजणे, आदेश काढणे आणि सोडलेले पाणी कालव्याच्या शेवटापर्यंत पोचविणे ही कामे प्रत्येक अवर्षणाच्या वर्षी नव्याने पार पाडावी लागतात.

हेही पहा

* जायकवाडी प्रकल्प
* महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण
* राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण
* मुंबई उच्च न्यायालय
* गायरान
* परभणी जिल्हा